जगू इच्छिणाऱ्याची फाशी आणि मरण मागणाऱ्याची विनंती

डिचोलीहून एका शिक्षिकेने मला प्रश्न विचारला आहे. त्यांचे वडील निवृत्त मराठी शिक्षक असून त्यांना गेल्या वर्षी मोटर न्यूरॉन आजाराचे, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाण्याच्या आजाराचे, निदान झाले. हातांची ताकद जवळजवळ गेली आहे, पाणी पिताना ठसका लागतो, बोलणे थोडे जड झाले आहे. बुद्धी मात्र पूर्वीइतकीच लख्ख आहे. दूरदर्शनवर फाशीच्या शिक्षेची चर्चा चालू असताना ते म्हणाले, "ज्याला जगायचे आहे त्याला सरकार मारते आणि ज्याला मरायचे आहे त्याला मरू देत नाही. हा कुठला न्याय?" लेकीला उत्तर सुचले नाही. फाशीला विरोध करणारे डॉक्टर इच्छामरणाचा विषय निघाला की का बिचकतात, आणि या दोन्ही भूमिका एकाच माणसाला प्रामाणिकपणे घेता येतात का, असे त्या विचारतात.

मी मुळात भूलतज्ज्ञ. आयुष्याची पहिली वर्षे शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात गेली. त्यानंतर बराच काळ मी गोव्यात, बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचे काम करतो आहे. फाशीला माझा विरोध आहे. रुग्णाला नको असलेले उपचार थांबवण्याच्या हक्काचा मी उघडपणे पुरस्कार करतो. डॉक्टरने औषध देऊन मृत्यू घडवावा किंवा रुग्णाला ते घेण्यास मदत करावी, याला मात्र आपल्याकडच्या आजच्या परिस्थितीत माझी संमती नाही. या तीन गोष्टी एकमेकींशी भांडत नाहीत असे मला वाटते, आणि का, ते सविस्तर सांगतो.

आधी मास्तरांच्या वाक्याचा उत्तरार्ध. "मरू देत नाही" हे आज कायद्याने खरे नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेचे 309 कलम मुंबई उच्च न्यायालयाने 1986 साली घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली तेच म्हटले आणि 1996 साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते मत फिरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. परंतु त्याच निकालात असेही आहे की, सन्मानाने जगण्यात नैसर्गिक मृत्यूकडे निघालेल्या माणसाचे सन्मानाने मरणेही येते. पुढची सगळी वाट या एका वाक्याने मोकळी केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यानंतर 2015 च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे 41 वर्षांहून अधिक काळ, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी केलेली याचिका 2011 साली फेटाळली गेली, पण उपचार थांबवण्याची मुभा उच्च न्यायालयाच्या परवानगीने मिळू शकते, हे त्याच निकालाने मान्य केले. 9 मार्च 2018 रोजी कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने लिव्हिंग विल, म्हणजे शुद्धीवर असताना लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले. त्याची कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती वापरणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून जानेवारी 2023 मध्ये ती सोपी करण्यात आली. नव्या भारतीय न्याय संहितेत तर 309 सारखे सरसकट कलमच उरलेले नाही.

गोव्याने या बाबतीत पुढाकार घेतला, हे मी अभिमानाने सांगतो. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले आणि गोव्यात असे करणारे ते पहिले ठरले. न्यायदान करणाऱ्या माणसाने ते जाहीरपणे केल्यामुळे, कागद केला म्हणजे आयुष्याला कंटाळला, हा समज बराच ढिला झाला.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण घरोघरी तो होतो. "इच्छामरण" या एकाच शब्दाखाली आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. उपचार नाकारणे हा प्रत्येक शुद्धीवरच्या प्रौढ माणसाचा हक्क आहे. सुरू केलेले उपचार, उदाहरणार्थ व्हेंटिलेटर, निरुपयोगी ठरल्यावर काढणे कायदेशीर आहे, त्याची पद्धत ठरलेली आहे. वेदना किंवा दम लागणे आटोक्यात आणण्यासाठी मॉर्फिन पुरेशा मात्रेत देणे हे साधे, योग्य वैद्यक आहे. मात्रा नीट वाढवत नेली तर मॉर्फिनने आयुष्य कमी होते ही भीती बहुतांशी निराधार आहे. मृत्यू घडवण्याच्या हेतूनेच औषध देणे ही चौथी गोष्ट. ती भारतात गुन्हा आहे आणि खरा नैतिक वाद तिच्याबद्दलच आहे. पहिल्या तिन्हींत माणूस आजाराने मरतो. चौथीत तो आमच्या हाताने मरतो. काही तत्त्वचिंतकांना हा फरक फसवा वाटतो, कारण परिणाम तोच असतो. व्हेंटिलेटरचे बटण मी स्वतः बंद केलेले आहे, आणि तो फरक मला हाताला जाणवलेला आहे. रुग्णाला आधी मॉर्फिन आणि झोपेचे औषध देऊन त्याची धाप शमली आहे याची खात्री करायची, मग यंत्र काढायचे आणि शेजारी बसून राहायचे. काही जण तासाभरात जातात, काही दोन दिवस राहतात. किती वेळ ते आमच्या हातात नसते, आणि ते हातात नसणे हाच त्या कृतीचा अर्थ आहे.

आता पूर्वार्ध. मास्तरांच्या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे: दोन्हीकडे प्रश्न संमतीचा आहे, म्हणून कैद्याच्या बाबतीत संमती नाही तर मारू नये आणि रुग्णाच्या बाबतीत संमती आहे तर मारावे. हे ऐकायला बिनतोड वाटते. पण फाशीची शिक्षा झालेला एखादा कैदी म्हणाला की मला अपील करायचे नाही, दयेचा अर्जही करायचा नाही, मला लवकर फाशी द्या, तर त्याच्या संमतीने ती फाशी योग्य ठरते का? अंधारकोठडीत वर्षानुवर्षे दाराबाहेरच्या पावलांचा आवाज ऐकत बसलेला माणूस असे म्हणू शकतो. त्याचे ते म्हणणे आपण इच्छा मानणार की त्या कोठडीचा परिणाम? मला रुग्णाबद्दलही हाच प्रश्न पडतो. तो "मला सोडवा" म्हणतो तेव्हा बोलणारा तो असतो की त्याला दिलेली अवस्था?

अमेरिकेतील काही राज्ये मृत्युदंड अमलात आणण्यासाठी पेंटोबार्बिटाल हे औषध शिरेतून देतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये मरण मागणारा रुग्ण त्याच औषधाचे द्रावण स्वतःच्या हाताने पितो. 2011 साली लुंडबेक या डॅनिश कंपनीने आपले औषध तुरुंगांपर्यंत जाणार नाही अशी वितरणव्यवस्था केली. औषध तेच, शरीरावरचा परिणाम तोच. भूलतज्ज्ञ म्हणून या गटातल्या औषधांशी माझा जवळचा संबंध आला आहे, त्यामुळे हे वाचले तेव्हा मी बराच अस्वस्थ झालो. ही दोन मरणे वेगळी आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण ते वेगळेपण त्या कुपीत नाही. ते त्या क्षणाच्या आधी काय काय घडले, त्यात आहे.

फाशीच्या आधी काय घडते? 1980 साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण ती "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणापुरतीच राखली. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा आणि दुसरा कोणताही पर्याय निःसंशय बंद झाला असेल तरच ती द्यावी, असे बंधन घातले. न्यायमूर्ती भगवती यांचे मत वेगळे होते: कोणाला फाशी होईल हे न्यायपीठात कोण बसले आहे यावर अवलंबून राहील, म्हणून ही शिक्षाच मनमानी ठरते. पुढच्या चार दशकांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरवलेले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 साली फाशीच्या कैद्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले आढळले. गुन्हेगाराचा विचार करायचा म्हणजे त्याचे बालपण, मनोविकार, सुधारण्याची शक्यता यांची माहिती न्यायालयापुढे यायला हवी. ती खालच्या न्यायालयापासूनच यावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली नव्याने निर्देश द्यावे लागले. म्हणजे तोवर कितीतरी माणसांच्या मानेचा निर्णय ती माहिती नसतानाच झालेला होता.

आणि चूक. महाराष्ट्रातील एका खून व बलात्काराच्या खटल्यात भटक्या समाजातील सहा जणांना आरोपी करण्यात आले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही वाढवून सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, आणि त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही चूक देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाची होती, एखाद्या आडगावच्या ठाण्याची नव्हे. ती सुधारता आली, कारण ते सहा जण अजून जिवंत होते. माझ्या व्यवसायात चुका होतात. माझ्याकडूनही झाल्या आहेत, आणि ज्या चुकीनंतर रुग्ण वाचला ती चूक मी सुधारू शकलो. ज्या शिक्षेची चूक सुधारण्यासाठी माणूसच शिल्लक राहत नाही, ती शिक्षा चुका करणाऱ्या माणसांच्या हाती देऊ नये, एवढे मला या व्यवसायाने शिकवले.

विलंबाचाही विचार केला पाहिजे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सरकारी यंत्रणेने कित्येक वर्षे लावली होती. दयेच्या अर्जावरील अनाकलनीय विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शत्रुघ्न चौहान खटल्यात स्पष्ट केले होते. त्या बहिणींचे गुन्हे वाचताना माझाही संताप होतो. मारल्या गेलेल्या मुलांच्या आयांना कोणी फाशीविरोधाचे तत्त्वज्ञान सांगू नये. मी सांगणार नाही. अपघात विभागात मी अत्याचार झालेल्या मुलींवर उपचार केले आहेत आणि त्या रात्री मला गुन्हेगाराबद्दल जे वाटले ते इथे लिहिण्यासारखे नाही. परंतु माझी ती रात्रीची भावना आणि राज्यसंस्थेने थंडपणे, तारीख ठरवून, वजन मोजून, दोराची लांबी काढून केलेली हत्या या एकच गोष्टी नव्हेत. सूडाची भावना खरी असते, ती दुखावलेल्या माणसाची असते. राज्याने ती उसनी घेतली की तिचे स्वरूप बदलते.

वजन मोजण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. फाशीच्या आधी कैद्याची तपासणी करणारा आणि नंतर तो मेल्याचे सांगणारा माणूस डॉक्टर असतो. फाशीत डॉक्टरने सहभागी होऊ नये, असा ठराव जागतिक वैद्यक संघटनेने 1981 साली केला आहे. भारतात मात्र तुरुंगाच्या डॉक्टरला फाशीघरात उभे करणारा नियम तसाच आहे. मृत्यू झाला हे ठरवण्याची कला मी शिकवतो. ती या कामासाठी वापरली जावी, हे मला मान्य नाही.

या बाबतीत गोव्याचा एक इतिहास आहे, तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या बंडानंतर पुढच्याच वर्षी पंधरा जणांना गोव्यात फाशी झाली. पण 1 जुलै 1867 रोजी पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड रद्द केला, आणि 1870 साली ती तरतूद गोव्यासह सागरपार प्रांतांनाही लागू झाली. योगायोग असा की, ज्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आपण आजही समान नागरी कायदा म्हणून सांगतो, तीही त्याच दिवशी, 1 जुलै 1867 रोजी, मंजूर झाली. मुक्तीनंतर आपण त्यांतली संहिता ठेवली. भारतीय दंड संहिता आली आणि सुमारे नव्वद वर्षे या भूमीत नसलेली फाशी तिच्याबरोबर पुन्हा कायद्यात आली. यावरून पोर्तुगीज राजवट दयाळू होती असे कोणी समजू नये. 15 ऑगस्ट 1955 रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर झाडलेल्या गोळ्यांना कोणत्या न्यायालयाची शिक्षा लागली नव्हती. तरीसुद्धा, खून झाला म्हणजे फाशी हवीच, त्याशिवाय समाज चालत नाही, असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मी त्याला आपल्या पणजोबांच्या गोव्याकडे बोट दाखवतो. तो समाज चालत होता.

आता रुग्णाच्या खाटेपाशी येतो, कारण मास्तरांचा खरा प्रश्न तिथला आहे.

काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आणला. गालाला छिद्र पडले होते, जखमेला दुर्गंधी होती, तीन आठवडे तो झोपला नव्हता. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "दोतोर, इंजेक्शन मारून सोडव मला." हे बोलणे पूर्ण शुद्धीतले होते, पुन्हापुन्हा केलेले होते, आणि घरच्यांचाही त्याला होकार होता. परदेशातल्या कित्येक कायद्यांच्या निकषांवर ती विनंती बसली असती. आम्ही दर चार तासांनी तोंडातून मॉर्फिन सुरू केले, जखमेवर मेट्रोनिडाझोलची भुकटी टाकली, त्याच्या बायकोला ड्रेसिंग शिकवले. दहाव्या दिवशी त्याने मला विचारले, लईराईच्या जत्रेपर्यंत मी चालता होईन का? तो पाच महिने जगला आणि पुन्हा कधी ती विनंती केली नाही. त्या पहिल्या दिवशी त्याच्या स्वायत्ततेचा मान राखायचा म्हणून कोणी ते इंजेक्शन दिले असते, तर मान राखला गेला असता तो तीन आठवड्यांच्या निद्रानाशाचा आणि कोणी न लिहून दिलेल्या एका स्वस्त औषधाचा.

अफूपासून बनणारे मॉर्फिन इतके दुर्मिळ का, याचे उत्तर 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. अफूची तस्करी रोखण्यासाठी केलेल्या त्या कायद्यामुळे परवान्यांची अशी रांग लागली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ते कधी हाताळले नाही. 2014 च्या दुरुस्तीने अटी सोप्या झाल्या, मनातली भीती मात्र कागदाबरोबर गेली नाही. भारतातले पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारे केंद्र, 1986 साली मुंबईत शांती अवेदना या संस्थेने उघडले आणि तिची शाखा आपल्याकडे लोटलीला आली, त्यामुळे गोवा तुलनेने सुदैवी आहे. तरी काणकोण किंवा पेडण्याच्या आतल्या वाड्यावरच्या माणसाला वेदनाशमन आजही सहज मिळत नाही. गरीब आरोपीला मिळणारा वकील आणि गरीब रुग्णाला मिळणारे मॉर्फिन, यांच्या तुटवड्यात मला एकच आजार दिसतो. दोन्हीकडे शेवटच्या पायरीवर आपण तत्त्वाची चर्चा करतो. तोवर त्या माणसाला त्या पायरीपर्यंत कोणी आणि कसे पोचवले, हे कोणी विचारत नाही.

वेदना हे मरण मागण्याचे मुख्य कारण नसते, हे खरे आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून साहाय्यित मृत्यूचा कायदा आहे. तिथल्या वार्षिक अहवालांत रुग्ण सांगतात ती पहिली कारणे म्हणजे स्वायत्तता गमावणे आणि ज्यात आनंद वाटतो ते करता न येणे. घरच्यांवर भार होण्याची चिंताही त्यात वरच्या भागात असते. "भार" हा शब्द मी रोज ऐकतो. मुलगा आखातात, सून नोकरीला, घरावर भावाभावांत इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसाच्या वाटणीचा, दावा चालू, आणि माजघरात खाटेवर म्हातारी. तिला कोणी काही बोलत नाही. औषधाचे बिल टेबलावर ठेवतानाचा आवाज तिला पुरतो. अशा घरात साहाय्यित मृत्यूचा अर्ज कायद्याने उपलब्ध झाला, तर जगत राहण्याचे कारण तिला सांगावे लागेल, आणि ते तिच्यापाशी शब्दांत नसेल. कॅनडाने 2016 साली हा कायदा केला आणि 2021 साली मृत्यू नजीक नसलेल्यांनाही तो खुला केला. त्यानंतर घर आणि आधार न मिळालेल्या अपंग माणसांच्या अर्जांवरून तिथे जो वाद पेटला, तो मी लक्षपूर्वक वाचला. नेदरलँड्समध्ये 2002 पासून प्रत्येक प्रकरण नंतर समितीपुढे तपासले जाते, तिथली आरोग्यव्यवस्था सर्वांपर्यंत पोचते, घरी येणारा डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो. तिथल्या डॉक्टरांना मी चुकीचे म्हणत नाही. आपल्याकडे ती जमीन नाही, एवढेच म्हणतो.

पण इथे मी थांबलो तर मास्तरांशी अप्रामाणिक ठरेन. मी सांगितलेला सत्तरी तालुक्यातला रुग्ण माझ्या भूमिकेला सोयीचा होता. दुसरा एक रुग्ण सोयीचा नव्हता. त्यालाही हाच आजार होता, मोटर न्यूरॉन. त्याला वेदना नव्हती, नैराश्य नव्हते, मनोविकारतज्ज्ञाने दोनदा तपासले होते. पैसा होता, प्रेम करणारी बायको होती. डोळ्यांच्या इशाऱ्याने अक्षरे दाखवून त्याने लिहिले की, तुम्ही देऊ शकता ते सगळे तुम्ही दिले, आता मला जे हवे आहे ते तुम्ही देऊ शकत नाही, आणि कारण म्हणून दुसऱ्या कोणाची तरी असहायता सांगता. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही. कायदा दुबळ्यांच्या संरक्षणासाठी सरसकट ठेवावा लागतो आणि त्याची किंमत त्याच्यासारखा माणूस मोजतो, हे मी मान्य करतो. ती किंमत लहान आहे, असे मी म्हणणार नाही. त्याने पुढे श्वासाचे यंत्र नाकारले आणि पुरेशा औषधांच्या आधाराने तो झोपेत गेला. ते त्याला हवे होते त्यापेक्षा सात महिने उशिरा झाले. मॉर्फिन प्रत्येक आरोग्यकेंद्रात मिळू लागेल, घरी येणारी परिचारिका प्रत्येक पंचायतीत असेल, तेव्हा त्याचा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. तोपर्यंत मी हयात असलो तर कोणत्या बाजूला उभा राहीन, हे मी आज ठरवून ठेवलेले नाही.

आपल्या परंपरेत मरणाला सामोरे जाणे निषिद्ध नाही, हे वेगळे सांगायला नको. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी व औषध सोडले, तेव्हा त्याला कोणी आत्महत्या म्हटले नाही. उपचार नाकारण्याच्या हक्काला याहून जवळचा दाखला मला माहीत नाही. त्यांनी मात्र दुसऱ्या कोणाच्या हाताकडे काही मागितले नव्हते.

आता तुमच्या वडिलांसाठी काय करायचे ते. त्यांच्या आजारात निर्णयाच्या दोन जागा येतील. गिळणे थांबत आले की पोटात नळी घालायची का, आणि श्वास कमी पडू लागला की रात्री लावायच्या बायपॅप मुखवट्यापर्यंत थांबायचे की गळ्याला छिद्र पाडून कायमच्या व्हेंटिलेटरवर जायचे. दुसरा निर्णय बहुतेक घरांत निर्णय म्हणून होतच नाही. मध्यरात्री दम लागतो, धावपळीत बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात नेले जाते, तिथला निवासी डॉक्टर आपले कर्तव्य करून नळी घालतो, आणि सकाळी यंत्र सुरू असते. ते काढणे कायद्याने शक्य आहे. मनाने ते फार जड जाते. मी एका कुटुंबाला यंत्र काढावे की नाही यासाठी ग्रामदेवतेला कौल लावताना पाहिले आहे. मी त्यांना घाई केली नाही. बापाच्या मरणाचा निर्णय एकट्या मुलाच्या अंगावर पडू नये, त्यात कोणीतरी वडीलधारे सहभागी असावे, एवढीच त्या कौलामागची विनवणी होती. कायद्यातली दोन वैद्यकीय मंडळेही काही अंशी तेच काम करतात. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असलेले दुय्यम मंडळ. दोघांनीही शक्यतो 48 तासांत मत द्यायचे, आणि यंत्र काढण्यापूर्वी रुग्णालयाने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे.

हे सोपे व्हावे यासाठी इच्छापत्र आत्ताच करा. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन, एवढे पुरते. न्यायालयात जावे लागत नाही. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे लिहिता येतात, तुमच्या भावाचेही घाला, म्हणजे पुढे तुम्ही एकट्या पडणार नाही. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या, आणि एक घरात अशा जागी ठेवा की मध्यरात्री सापडेल. मसुद्यात "मला त्रास नको" असे मोघम लिहू नका. गळ्याचे छिद्र नको, बायपॅप चालेल, पोटातली नळी अमुक वेळेपर्यंत चालेल, दम लागल्यास मॉर्फिन द्यावे, शक्यतो घरी ठेवावे, असे एकेक वाक्य लिहा. या आजारात गुदमरून तडफडत मरण येते, ही भीती त्यांना बहुधा असेल आणि ते ती बोलून दाखवत नसतील. नीट औषधे मिळालेल्या बहुतेक रुग्णांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊन गुंगी येते आणि शेवट शांत होतो. हे त्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या. हवे तर मी डिचोलीला येईन.

पण मसुद्याला बसण्याआधी त्या वाक्याबद्दल त्यांना विचारा. "ज्याला मरायचे आहे" असे ते म्हणाले, ते स्वतःबद्दल होते का? असेल तर कधीपासून, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ते जास्त वाटते? रात्री वाटत असेल तर बायपॅपची वेळ आली असावी. तुम्ही शाळेतून दमून येता तेव्हा वाटत असेल तर बोलणे वेगळे करावे लागेल. त्यांचे बोलणे जड होऊ लागले आहे, तेव्हा हा संवाद येत्या काही आठवड्यांत व्हायला हवा, एका बैठकीत आटपू नका, आणि त्यांची परवानगी घेऊन तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. इच्छापत्र त्यांना केव्हाही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.